अक्षरांचे मोल

शब्दकोडे सुटले, हे कशावरून ठरवायचे? वर्तमानपत्रातल्या रोजच्या कोड्यापुरते उत्तर सोपे आहे: दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून येते, त्याच्याशी ताडून पाहायचे. पण काही कोडी अशी असतात की त्यांना उद्याच्या अंकाची गरजच पडत नाही. शेवटचे घर भरले की सोडवणाऱ्याला आतूनच कळते की हेच बरोबर, दुसरे काही असूच शकत नाही. ही खात्री कुठून येते, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की शब्दकोड्यात गणित येते ते केवळ अवघडपणा वाढवायला नव्हे. भाषा जिथे अंदाजावर थांबते, तिथे पुरावा द्यायला ते येते. आणि यासाठी लागणारी सामग्री आपल्या वर्णमालेत फार पूर्वीपासून तयार आहे.

हे नुसते सांगून पटणार नाही. म्हणून लेखाच्या मध्यावर मी रचलेले एक छोटे कोडे दिले आहे आणि पुढे ते पायरीपायरीने सोडवले आहे. त्याआधी ही जात कुठली, तिचे कायदे काय, हे थोडक्यात पाहू.

कोडेकाराचे इमान

शब्दकोड्याचा जन्म न्यूयॉर्कमधला. मूळचा लिव्हरपूलचा आर्थर विन याने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात हिऱ्याच्या आकाराची चौकट छापली. तिच्यातले संकेत सरळ होते: अर्थ दिला, शब्द ओळखा. आपल्या वर्तमानपत्रांतली बहुतेक कोडी आजही याच वळणाची असतात.

इंग्लंडमध्ये गेल्यावर कोड्याने वळण बदलले. एडवर्ड पॉइस मॅथर्स या कवी-अनुवादकाने १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्कमाडा’ या नावाने कोडी द्यायला सुरुवात केली. टॉर्कमाडा म्हणजे स्पेनमधल्या धर्मचौकशीचा कुप्रसिद्ध अधिकारी. वाचकाचे हाल करायचे आहेत, हे नावातच कबूल केले होते! त्याचे संकेत वरवर एक गोष्ट सांगत आणि आतून दुसरी. १९३९ मध्ये तो गेल्यावर त्याच्या जागी आलेला डेरिक मॅकनट हा अभिजात भाषांचा शिक्षक. त्याने ‘झिमेनेस’ हे दुसऱ्या एका धर्माधिकाऱ्याचे नाव घेतले आणि १९६६ च्या आपल्या पुस्तकात या खेळाचे कायदे पक्के केले. त्यांचे सार असे: संकेतात दोनच गोष्टी असाव्यात, शब्दाचा अर्थ आणि शब्द घडवण्याची कृती. या दोघांना जोडणाऱ्या वाक्यात फालतू शब्द नसावा. अर्थ वाक्याच्या एका टोकाला असावा, मधोमध लपवू नये.

त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, ‘अफ्रिट’ या नावाने लिहिणाऱ्या ए. एफ. रिची या धर्मोपदेशक-मुख्याध्यापकाने हेच तत्त्व वेगळ्या तऱ्हेने मांडले होते. कोडेकाराच्या वाक्याचा वरवरचा अर्थ खरा असण्याचे बंधन नाही. पण जे त्याला अभिप्रेत आहे ते त्याच्या शब्दांतून काटेकोर निघाले पाहिजे, असा त्याचा आशय. चकवा चालेल, लबाडी चालणार नाही. या खेळाचे सगळे इमान या फरकात आहे.

या परंपरेचे सर्वांत कठीण टोक म्हणजे ‘लिसनर’चे कोडे. बीबीसीच्या ‘द लिसनर’ या साप्ताहिकात ते २ एप्रिल १९३० रोजी सुरू झाले. १९९१ मध्ये साप्ताहिक बंद पडले, तेव्हा ‘द टाइम्स’ने ते आपल्याकडे घेतले. तिथे ते शनिवारी येते. वाचक उत्तरे पाठवतात, ती तपासली जातात आणि वर्षभर कोणाची किती बरोबर आली याचा हिशेब राहतो. या कोड्यात शब्द सापडणे हा निम्माच प्रवास असतो. वर एक प्रस्तावना असते, ती मुद्दाम मोघम. काही घरांत आडव्या आणि उभ्या शब्दांची अक्षरे जुळतच नाहीत, आणि का जुळत नाहीत हे शोधणे हाच खेळ. सगळे भरून झाल्यावर आणखी एक काम शिल्लक असते: काही पुसा, काही बदला, काही रंगवा. तेव्हा कुठे कोड्याचा खरा विषय वर येतो. आणि वर्षातून चारदा हे कोडे शब्दांचे नसतेच, निव्वळ अंकांचे असते.

सासूबाईंच्या वयाचा वर्ग

अंकांची कोडी कशी असतात, याचा एक जुना आणि लाडका नमुना १९३० च्या दशकातला आहे. इंग्लंडमधल्या डंक नावाच्या शेतकऱ्याचे ‘डॉग्ज मीड’ नावाचे एक आयताकृती शेत. चौकटीतल्या घरांत अक्षरांऐवजी अंक भरायचे. संकेत असे: शेताचे क्षेत्रफळ चौरस यार्डांत, लांबी-रुंदीतला फरक, परिघ, डंकच्या चालण्याच्या ताशी वेगाचा घन, शेताला सव्वाच्या थोड्या वर, म्हणजे एक आणि एक तृतीयांश फेरी घालायला त्याला लागणारी मिनिटे, आणि त्याच्या सासूबाई मिसेस ग्रूबी यांच्या वयाचा वर्ग.

पहिल्या वाचनात वाटते, यातली एकही गोष्ट आपल्याला माहीत नाही. शेत पाहिलेले नाही, सासूबाईंची ओळख नाही. पण एकेक संकेत दुसऱ्याच्या गळ्यात गळा घालून उभा आहे. वेगाचा घन दोन अंकी असेल तर तो २७ किंवा ६४. म्हणजे डंक ताशी तीन मैल चालतो किंवा चार. तीन मैल म्हणजे मिनिटाला बरोबर ८८ यार्ड. क्षेत्रफळ पूर्ण रूडांत बसायला हवे. एक रूड म्हणजे १२१० चौरस यार्ड आणि चार रूडांचा एक एकर. असे एकेक दोर आवळत गेले की शेताची लांबी २२० यार्ड आणि रुंदी १७६ यार्ड निघते. गुणाकार ३८,७२० चौरस यार्ड, म्हणजे बरोबर ३२ रूड, आठ एकर. फरक ४४, परिघ ७९२. एक आणि एक तृतीयांश फेरी १०५६ यार्डांची. मिनिटाला ८८ यार्डांनी ती बरोबर १२ मिनिटांत होते. सासूबाई निघतात ८६ वर्षांच्या, वर्ग ७३९६.

इथे उत्तर छापून येण्याची वाट कोण पाहील? बाराचे साडेबारा मिनिटे झाली असती तर कुठेतरी एक घर मोडले असते. अंकांच्या कोड्यात संशयाला जागाच नाही. उलट शब्दांच्या कोड्यात भाषेची मजा आहे, पण ‘हाही शब्द चालेल की!’ असे म्हणायला वाव राहतो. दोन्हींची सांगड घातली तर? इंग्रजी कोडेकार कधी कधी ए म्हणजे १, बी म्हणजे २ अशी अक्षरांना किंमत देऊन हे करतात. पण त्यात अडचण आहे. सव्वीस अक्षरे, म्हणून एका घरात दोन अंकी संख्या येते. शिवाय स्वरांनाही किंमत, त्यामुळे शब्द निवडायला हात आखडतो. मराठीत ही अडचण नाही. का नाही, ते कोडे सोडवतानाच कळेल.

कोडे

चौकट तीन बाय तीन, एकूण नऊ घरे. काळे घर नाही. वरच्या ओळीतली घरे १, २, ३. मधल्या ओळीचे पहिले घर ४. खालच्या ओळीचे पहिले घर ५.

प्रस्तावना: *सर्व शब्द तीन अक्षरी. काना, मात्रा, वेलांटी, उकार जुळण्याची अट नाही. व्यंजन जुळले की पुरे. तरीही दोन घरांत आडव्या आणि उभ्या शब्दांची व्यंजनेही एकमेकांशी भांडतील. तो छापखान्याचा दोष नव्हे. ते भांडण मिटवणारे जुने मोल शोधावे. मग नऊही घरांतली अक्षरे पुसून प्रत्येकाचे मोल लिहावे. आडवे, उभे, तिरपे, कसेही गेले तरी फळ एकच यावे.*

आडवे शब्द
१. ती सराव पुरता करत नाही. भांडणात लाभ मात्र याचा.
४. ‘क’च्या मागे घाण, आणि वर लक्ष्मी बसलेली.
५. संक्रांतीला तोंडात, एरवी कोळणीच्या पाटीत. पाळण्याला मात्र हेच करा.

उभे शब्द
१. ताकामागोमाग दह्याची सुरुवात; अंगात असली म्हणजे झाले.
२. ‘हसा, मी लपतो!’ – यातच कोणीतरी सहभागी आहे.
३. क्रीडा किंवा... बाळ रडते आहे, त्याला जरा हे करा.

ज्यांना स्वतः प्रयत्न करायचा आहे त्यांनी इथे थांबावे. फराळाचे ताट संपेपर्यंत बरेच काही सुटेल. पुढच्या परिच्छेदापासून उत्तरे येतात.

संकेत उकलताना

सोपा संकेत आधी धरावा. चार आडवा: घाण म्हणजे मळ. ‘क’च्या मागे मळ लावला की कमळ. अर्थ दुसऱ्या टोकाला आहे: जिच्यावर लक्ष्मी बसते ती वस्तू. वाचताना ‘घाण’ आणि ‘लक्ष्मी’ शेजारी येतात म्हणून मन बिचकते. पण कोडेकाराने सांगितले ते अक्षरशः खरे आहे.

मधली ओळ मिळाल्यावर तीनही उभ्या शब्दांचे मधले अक्षर हाती आले: पहिल्याचे क, दुसऱ्याचे म, तिसऱ्याचे ळ. एक उभा: ‘ताक’ तर संकेतात उघडच आहे. दह्याची सुरुवात म्हणजे ‘द’. ताकद, अंगात असावी ती. मधला क जुळला. दोन उभा हा लपलेल्या शब्दाचा प्रकार. अवतरणातली अक्षरे सलग वाचा: ह-सा-मी-ल-प-तो. पोटात सामील आहे, आणि सामील म्हणजे सहभागी. म जुळला.

आता वरच्या ओळीत त आणि स आहेत. ‘ती’, आणि ‘सराव’ पुरता केला नाही तर उरतो ‘सरा’. दोघांच्या भांडणात लाभ होतो तो तिसरा. वेलांटी पहिली की दुसरी, याची सूट प्रस्तावनेने आधीच दिली आहे.

पाच आडव्यात कृती नाही. एकाच शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत. संक्रांतीला काटेरी साखरेचा, कोळणीच्या पाटीतला मासा, आणि पाळण्याच्या बाबतीत आज्ञा. हलवा. इथे पहिला धक्का बसतो. ताकद या शब्दाने खालच्या डाव्या कोपऱ्यात द आणला आहे आणि हलवा तिथे ह मागतो.

तीन उभ्यात क्रीडा म्हणजे खेळ, किंवा म्हणजे वा. खेळवा. ‘किंवा’ हा शब्द वाक्य जोडायला आला असे वाटते, तो खरे तर उत्तराचा तुकडा आहे. मधला ळ आणि शेवटचा व जुळले, पण वरच्या उजव्या कोपऱ्यात तिसराचा र आणि खेळवाचा ख समोरासमोर उभे राहिले.

भांडणारी दोन घरे मिळाली: एकात र आणि ख, दुसऱ्यात ह आणि द. भाषेचे काम इथे संपले.

तीन वाटा, त्यातल्या दोन आंधळ्या

र आणि ख यांत समान काय? पहिली शंका लिपीची. देवनागरीतला ख म्हणजे र आणि व जोडून काढल्यासारखा. वाट मोहक आहे, पण ह आणि द यांना ती लागू पडत नाही. चांगल्या कोड्यात एकच नियम दोन्ही भांडणे मिटवतो. म्हणून ही वाट सोडायची.

दुसरी वाट क्रमांकाची. वर्णमालेतली व्यंजने ओळीने मोजू: क १, ख २, असे म पर्यंत २५, मग य २६, र २७, ह ३३ आणि ळ ३४. ख २ आणि र २७, फरक २५. द १८ आणि ह ३३, फरक १५. दोन्ही फरकांना पाचाने भाग जातो! म्हणजे क्रमांकाला पाचाने भागून उरणारी बाकी घेतली तर ख आणि र दोघांची २, द आणि ह दोघांची ३. दोन्ही भांडणे मिटली. सोडवणारा इथे टाळी वाजवण्याच्या बेतात असतो.

पण प्रस्तावनेची शेवटची अट बाकी आहे. बाकी लिहून चौकट भरू: वरची ओळ १, २, २, मधली १, ०, ४, खालची ३, ३, ४. ओळींची बेरीज ५, ५ आणि १०. उभी बेरीज ५, ५ आणि १०. दोन्ही तिरक्या ५. फार जवळ, पण एक नाही. शून्याऐवजी पाच धरले तरी सगळ्या बेरजा एक येत नाहीत.

मला या कोड्यातला सगळ्यात शिकवणारा टप्पा हाच वाटतो. आठपैकी सहा बेरजा जुळल्या. एरवीच्या व्यवहारात आपण एवढ्यावर समाधान मानतो. गणित मानत नाही. आणि ते नुसते नकार देऊन थांबत नाही. न जुळणाऱ्या दोन बेरजा पुन्हा पाचाच्याच पटीत आहेत, हा योगायोग कसा असेल? म्हणजे आपण खऱ्या उत्तराची सावली पकडली आहे. खऱ्या मोलातून पाच-पाच गळून पडले आहेत. ते परत जोडायचे.

तिसरी वाट तिथूनच फुटते. ख हा क पासून दुसरा. र हा य पासून दुसरा. द हा ट पासून आठवा: ट, ठ, ड, ढ, ण, त, थ, द. आणि ह हा य पासून आठवा: य, र, ल, व, श, ष, स, ह. एकाच जागेवरून सलग मोजायचे नाही. क, ट आणि य या ठिकाणी मोजणी नव्याने सुरू करायची. प ची तेवढी साक्ष अजून मिळालेली नाही. ती पुढे मिळेल.

कटपयादी

क, ट, प, य. या चार अक्षरांवरून या पद्धतीला कटपयादी म्हणतात. क पासून नऊ, ट पासून नऊ, प पासून पाच आणि य पासून आठ व्यंजनांना १ पासून अंक द्यायचे. ञ, न आणि सुटे स्वर म्हणजे शून्य. केरळी वापरात ह नंतर येणाऱ्या ळ ला ९ मिळतो. काना-मात्रांना किंमत नाही. जोडाक्षरात शेवटच्या व्यंजनाचाच अंक धरायचा. आणि संख्या वाचायची उजवीकडून डावीकडे.

सर्व अंक मांडून पाहिले की हिशेब असा दिसतो: १ ते ५ या प्रत्येक अंकाला चार-चार व्यंजने, ६ ते ९ ला तीन-तीन. म्हणजे उदाहरणार्थ १ साठी क, ट, प, य यांपैकी कोणतेही आणि त्यावर हवा तो स्वर. म्हणूनच संख्येचा अर्थपूर्ण शब्द करता येतो. केरळातल्या गणितज्ञांनी हे शतकानुशतके केले. चौदाव्या शतकातल्या संगमग्रामच्या माधवाच्या ज्या-कोष्टकातले आकडे याच पद्धतीने पद्यात बांधलेले आहेत. शंकरवर्मा यांच्या १८१९ च्या ‘सद्रत्नमाला’त वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर सतरा दशांश स्थळांपर्यंत अक्षरांत आहे. मेल्पुत्तूर नारायण भट्टतिरी यांच्या ‘नारायणीय’चा शेवट आयुष्य, आरोग्य आणि सौख्य मागणाऱ्या शब्दाने होतो, त्याच शब्दाची अक्षरे मोजली तर १७१२२१० हा कलियुगाचा दिवस निघतो आणि काव्य १५८६ मध्ये पूर्ण झाल्याचे कळते. आशीर्वादही, तारीखही.

संगीताच्या श्रोत्यांना ही पद्धत नकळत माहीत असते. कर्नाटक संगीतात ७२ मेळ आहेत आणि मेळाच्या नावाची पहिली दोन अक्षरे त्याचा क्रमांक सांगतात. आपल्या भैरव थाटाचे स्वर ज्यात आहेत तो मायामालवगौळ: मा ५, या १, उलट वाचून १५ वा. कल्याण थाटाचा मेचकल्याणी: मे ५, च ६, म्हणजे ६५ वा. बिलावलाचा शंकराभरण २९ वा. पण श आणि क वरून तो आकडा येत नाही, म्हणून नावामागे ‘धीर’ लावले. धी ९, र २. धीरशंकराभरण. संख्येसाठी नावाला उपपद जोडले, तरी ते उपरे वाटत नाही.

महाराष्ट्राला जवळची आहे ती दुसरी पद्धत, भूतसंख्या. तिथे अंक अक्षरांवरून नव्हे तर अर्थावरून येतो. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष रस, गुण, पूर्ण आणि मही या शब्दांनी सांगितले: रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, पृथ्वी एक, उलट वाचून शके १०३६, इसवी सन १११४. या दोन पद्धती शेजारी ठेवल्या की मला झिमेनेसचा संकेत आठवतो. त्यात दोन भाग असतात, शब्दाचा अर्थ आणि अक्षरांची कृती. भूतसंख्या पहिल्यावर चालते, कटपयादी दुसऱ्यावर. ऑब्झर्व्हरच्या वाचकाला जी कसरत नवी वाटली, तिचे दोन्ही डाव आपल्याकडे वेगवेगळे खेळले जात होते.

पंधराचे फळ

आता अक्षरे पुसून मोल लिहू. तिसरा: त ६, स ७, र २. कमळ: क १, म ५, ळ ९. हलवा: ह ८, ल ३, व ४.

६ ७ २
१ ५ ९
८ ३ ४

आडवे, उभे, तिरपे, आठही बेरजा १५. एक ते नऊ सगळे अंक एकेकदा आले. घराच्या उंबऱ्यावर किंवा जुन्या वह्यांत अनेकांनी पाहिलेला हा पंधरिया यंत्राचा चौरस. अशा चौरसांना आपल्याकडे भद्र म्हणत, आणि नारायण पंडितांच्या १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

मागे प ची साक्ष राहिली होती. भांडणाऱ्या घरांनी क, ट आणि य या तीन मालिका उघड केल्या. प मालिकेतले अक्षर चौकटीत एकच आहे, मधला म, आणि तो कोणाशी भांडत नाही. मग म चे मोल पाचच कशावरून? इथे गणित स्वतः साक्षीला येते. एक ते नऊची बेरीज ४५, तिच्या तीन ओळी समान हव्यात, म्हणजे प्रत्येक १५. मधल्या घरातून जाणाऱ्या चार रेषा आहेत: एक आडवी, एक उभी, दोन तिरक्या. त्यांची एकूण बेरीज ६०. या चार रेषांत प्रत्येक घर एकदा येते, फक्त मधले चारदा, म्हणजे तीनदा जास्त. ४५ अधिक मधल्याची तिप्पट बरोबर ६०. मधला अंक ५. म्हणून म पाच, म्हणून मोजणी प पासून पुन्हा सुरू होते: प, फ, ब, भ, म. भाषेने जे सांगितले नव्हते, ते बेरजेने सांगितले.

मधला पाच ठरला की समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज दहा यायलाच हवी. भांडणारी दोन घरे नेमकी समोरासमोर आहेत: र-ख २, ह-द ८. एक भांडण मिटले की दुसरे आपोआप मिटते. आणि पाचाच्या बाकीने आपल्याला का फसवले तेही आता उघड आहे. क, ट, प, य यांचे सलग क्रमांक १, ११, २१, २६. चारही पाचाच्या पटीहून एकाने जास्त. त्यामुळे सलग क्रमांक आणि कटपयादी मोल यांची पाचाने भागून बाकी नेहमी सारखीच येते. ती वाट चुकीची नव्हती, अपुरी होती.

रचणाऱ्याच्या बाजूचेही थोडे सांगतो. तीन बाय तीनचा हा चौरस एकच आहे; फिरवून आणि उलटून त्याची आठ रूपे होतात. प्रत्येक रूपात कोणत्या ओळीला मराठी शब्द सापडतो हे पाहत जायचे. १५९ ला कमळ मिळाले. तेच उलटे ९५१ वाचले तर धमक मिळते. ६१८ ला ताकद, ७५३ ला सामील. ४३८ ला मला मनासारखा शब्द सापडला नाही, म्हणून ती बाजू ८३४ अशी वळवली आणि हलवा आला. सहाही शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत, एकही कोशातून उकरून काढावा लागला नाही. कारण स्वर मोकळे आहेत. व्यंजने तेवढी अंकाने बांधलेली.

आणि म्हणूनच मराठी चौकट या खेळाला इंग्रजी चौकटीपेक्षा सोयीची आहे, असे माझे मत झाले आहे. आपल्या शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर जाते, स्वरचिन्हासकट. कटपयादीतही एका अक्षराला एकच अंक, स्वरचिन्ह सोडून. घर आणि अंक यांची जोडी जन्मतःच जुळलेली आहे. जोडाक्षरांचा नियम ठरलेला आहे, ळ ला जागा आहे. जे नाही ते एवढेच, की आपण कोड्याकडे वेळ घालवायचे साधन म्हणून पाहतो, पुरावा म्हणून नाही.

चार बाय चारचे भद्र घेतले तर एक ते सोळा अंक लागतात, म्हणजे एका घरात दोन अक्षरांचा प्रश्न येतो. पण शून्यापासून नऊपर्यंतच राहणारे दुसरे नियम पुष्कळ आहेत. प्रत्येक आडवी संख्या वर्ग असावी, किंवा प्रत्येक उभी संख्या तिच्या शेजारणीच्या पटीत असावी. डंकच्या शेतासारखी गोष्ट घ्यावी आणि तिचे आकडे शब्दांत लपवावेत. ज्यांना रचण्याची हौस आहे त्यांनी वर्णमाला चार ओळींत मांडून समोर ठेवावी, क खाली ट, ट खाली प, प खाली य, आणि आपल्या घराच्या माणसांची नावे आधी मोजून पाहावीत. सुरुवातीला तेवढे पुरते.